शांतवनसाहेबांच्या दाराची कडी

रेव्हरंड शांतवनसाहेबांची नि माझी पहिली भेट नगरच्या एस.टी. स्टँडवर झाली. मी नवा शाळामास्तर. "पेटी वाजवता का?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो आणि बाजाची पेटी माझ्या डोक्यावर आली. आज साहेबांच्या साठीनिमित्त माझी मान वाकलेली दिसते, ती केवळ आदराने नव्हे.

खेडोपाडी येशूची सुवार्ता सांगणे हे साहेबांना देवाचे पाचारण. पारावर मी एक भजन वाजवायचे, साहेबांनी तासभर बोलायचे, की परतीची गाडी. अकरा वर्षे लोक ऐकत, माना डोलावत आणि उठून जात. गेल्या दुष्काळात घोडेगावहून शिंगणापूरला पायी जाताना साहेब म्हणाले, "मास्तर, हा शेवटचा फेरा. आजही कुणाला भिडलं नाही, तर मी आपला चर्चमध्ये बसून लग्नं लावीन." माझी मान सुखावली, पण मन धसकले. खेडी सुटली असती तर साहेब वर्षभरात म्हातारे झाले असते.

त्या दिवशी साहेबांनी मुद्दाम नवे चित्र आणले होते: बंद दारावर टकटक करणारे प्रभू येशू. "प्रभू दाराशी उभे आहेत. कडी काढा!" साहेब कळवळून म्हणाले. खडी फोडून आलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. शनिदेवाच्या भरवशावर त्या गावात एकाही घराला दार नाही. हे आम्ही ऐकून होतो, पण सुचले नाही. पाराच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या ठकूबाई म्हणाल्या, "कंची कडी? आमच्यात दारच न्हाई. उनात कशापायी हुबं केलंय त्यान्ला? आत या म्हनावं की!"

सगळे गाव हसले. साहेब पडल्या चेहऱ्याने चित्र गुंडाळू लागले.

"आन् तुमी बी दर बारीला भाईरनंच बोलून जाता," ठकूबाई म्हणाल्या. "एकदा घरात बसा, कोरा च्या घ्या, मंग सांगा."

साहेब त्यांच्या घरात जाऊन बसले. बोलल्या मात्र ठकूबाईच, आपल्या गेलेल्या लेकाविषयी. साहेब ऐकत राहिले, डोळे पुसत राहिले. निघताना मला म्हणाले, "पुढच्या बुधवारी पेटी राहू द्या. आपण नुसतेच येऊ."

ठकूबाई अजून शनिवारचा उपास धरतात, साहेब अजून त्यांना प्रभूविषयी सांगतात. दोघांनाही घाई नाही.

घरी येऊन साहेबांनी स्वतःच्या दाराची कडीच उपटली. त्यांच्या पत्नी रूथबाई कडाडल्या, "तिथं शनिदेव राखण करतात. इथं तुम्ही बसा उंबऱ्यात!" साहेब खरोखर बसू लागले. तिथे रोज कुणी ना कुणी येते, मन मोकळे करते, चहा पिऊन जाते. माझी आई गेली तेव्हा मीही त्याच उंबऱ्यावर पोटभर रडलो.

साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या घरी कुणीही सरळ आत यावे. फक्त शेवटी सगळ्यांनाच न्यायला येणारा एक पाहुणा असा आहे, की त्याने पुष्कळ वर्षे बाहेर उन्हात ठोकत उभे राहावे. साहेब, तेवढ्या एकासाठी ती कडी पुन्हा बसवा.