मुंजाच्या पिंपळाखालची साठ पावले

बन्सीधर ग्यानबा यांचे नाव कोणत्याही स्मरणिकेत आढळणार नाही. देवगाव फाट्यापासून तीन कोसांवरच्या आमच्या बाजारगावात त्यांची साडेतीन एकर जमीन होती. त्यांपैकी पाऊण एकर विहिरीच्या पाण्यावर उन्हाळ्यात भिजत असे. शिक्षण सातवीपर्यंत. गावातील आठ जणांनी १९८३ साली निसर्ग मंडळ स्थापन केले, तेव्हा मी, गावच्या शाळेतला शिक्षक, चिटणीस झालो आणि बन्सीधर साधे सभासद. मंडळात भाषणे करणारे पुष्कळ होते. स्मशानाच्या रस्त्यावरील रोपांना खांद्यावरून पाणी घालणारे, त्यांभोवती बाभळीचे काटे रचणारे आणि शेळ्यांनी ते काटे विस्कटले की पुन्हा रचणारे मात्र बन्सीधर एकटेच होते.

परभणीच्या कृषी विद्यापीठात तीन दिवसांचे शिबिर करून आल्यापासून त्यांना मधमाश्यांचे वेड लागले. त्या सुमारास आमच्याकडे उन्हाळी सूर्यफूल नव्याने आले होते. माश्या फिरल्या नाहीत तर सूर्यफुलाचे दाणे पोचट राहतात, हे त्यांनी स्वतःच्या शेतात पाहिले होते. गावात माश्यांचे मोठे ठाणे एकच : वेशीपलीकडचा मुंजाचा पिंपळ. तेथे दर वसंतात आग्यामोहोळ बसे. या जातीच्या माश्या खवळल्या तर बैलालाही आडवा करतात.

सन १९८६ च्या चैत्रात त्या पिंपळावर सात पोळी लागली. हनुमान जयंतीची पालखी त्याच झाडाखालून जाई आणि दुसरी वाट नव्हती. बाजूच्या बोळातून माणूस जाई, पालखी वळत नसे. आदल्या वर्षी धुरपताबाई या वृद्ध बाईंना बावीस ठिकाणी दंश होऊन तीन दिवस दवाखान्यात राहावे लागले होते. त्या गावचे 'मालक' माणिकराव यांच्या आत्या, आणि पालखीच्या पुढच्या दांडीचा मान माणिकरावांच्या घराण्याकडे. तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या मंडपात सभा भरली, ती पोळी जाळण्याचे ठरवण्यासाठीच.

"मालक, जाळू नका," बन्सीधर उभे राहून म्हणाले. "माश्या खोडी काढत न्हाईत, आपून काढतो. त्यांच्या दारात धूर करायचा, दारू उडवायची, हलगी बडवायची. मग त्या काय आरती म्हणतील?"

लोक हसले. धुरपताबाई हसल्या नाहीत. "बन्स्या, तुला बावीस जागी डसल्यावर मग बोल."

"आत्या, औंदा एकालाबी डसली, तर मी सवता वर चढून जाळीन."

त्या पिंपळावर चढू शकणारा गावात दुसरा कोणी नव्हता. माणिकराव माझ्याकडे वळले. "गुरुजी, लिहून घ्या. कुणाला डसली तर हा जाळणार. न्हाई डसली तर पोळ्यांला कायम हात लावायचा न्हाई. मंजूर?"

"मंजूर," बन्सीधर म्हणाले. मी लिहून घेतले.

त्यांच्या सांगण्यावरून मी निषिद्ध गोष्टींची नऊ कलमे तयार केली : हलगी, ढोल, शिंग, दारूकाम, उदबत्ती, धूप, कापूर, विडी आणि मोठ्याने जयजयकार. झाडाच्या अलीकडे व पलीकडे चुन्याच्या दोन रेषा आखायच्या. त्यांमधील साठ पावले पालखीने निःशब्द चालायचे. सूर्य कापसाच्या जिनिंगच्या छपरावर येऊन पोळ्यांवर ऊन पडण्यापूर्वी, म्हणजे सातच्या आत, सर्व आटोपायचे. यादी परिपूर्ण झाली असे मला वाटले.

पहिली अडचण हलगीचीच आली. चंद्रभान आणि त्यांचे दोघे भाऊ पिढ्यान् पिढ्या पालखीपुढे हलगी वाजवत. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात जे घडले त्याची झळ आमच्या गावालाही लागली होती. आठ वर्षांनंतरही गाव आणि वस्ती एकमेकांशी मोजून बोलत असत. बन्सीधर चंद्रभान यांच्या घरी गेले, तेव्हा मी सोबत होतो, पण मी रस्त्यावरच थांबलो. बोलणे ऐकू येत होते.

"ठराव केला तवा आमाला इचारलं का, बन्सीभाऊ? दरसाल म्हणता वाजवा. औंदा म्हणता गप. फुडल्या साली म्हणाल, येऊच नका."

"चुकलं. आधी यायला पायजे हुतं."

"आता तरी कशापायी आलास? माश्यांपायीच ना?"

"माश्यांपायीच. खोटं कशाला बोलू?"

चंद्रभान मोठ्याने हसले. "लय सरळ माणूस हायेस गड्या. बरं, साठ पावलं गप. एकसष्टाव्याला वाजवणार, मग तुझ्या माश्या काय करायच्या ते करू दे."

पालखीच्या दिवशी तिघे भाऊ पहाटेच पिंपळापाशी आले. हलगीची कातडी शेकण्यासाठी तेथे दरवर्षी पेटणारी काडकचऱ्याची आगटी त्यांनी या वेळी पेटवली नाही. अलीकडच्या रेषेवर विडी ओढणाऱ्यांना अडवण्याचे काम बन्सीधर यांनी त्यांच्यावर सोपवले आणि स्वतः झाडाखाली उभे राहिले. पिंपळाला नुकतीच तांबूस, लवलवती पालवी फुटली होती. कडुनिंबाच्या मोहोराचा वास रस्ताभर होता. फांद्यांखाली सात काळी पोळी सुपासारखी लोंबत होती, गारव्यात निश्चल.

देवळातला जन्मसोहळा वेळेवर झाला, पालखी वेळेवर वेशीत आली आणि तेथे अडकली. माणिकरावांनी परभणीहून बोलावलेले पाहुणे आले नव्हते. त्यांच्या स्वागतावाचून पुढे जायचे नाही, असे त्यांनी सांगितले. जीप आली तेव्हा माझ्या घड्याळात सात वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती.

मग रिवाजाप्रमाणे स्वागत झाले. निजामाच्या अमलापासून आमच्या गावात मानकऱ्यांना अत्तर लावण्याची पद्धत आहे. ते काम अनेक वर्षे माझ्याकडे. पाहुणे, माणिकराव, दांडीचे इतर तिघे अशा क्रमाने अकरा जणांच्या कानांमागे मी हिन्याचा फाया लावला. गुलाबदाणी घेतलेल्या गृहस्थांनी सर्व जमावावर गुलाबपाणी शिंपडले. माझे नवे कलम या जुन्या रिवाजापर्यंत पोहोचलेच नव्हते.

पालखी रेषेपासून दहा पावलांवर आली आणि बन्सीधर दोन्ही हात पसरून धावत आले. आवाज मात्र कुजबुजीचाच होता.

"गुरुजी, हा वास कशाचा?"

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना तो वास येत होता. त्यांनी वर बोट दाखवले. पूर्वेकडच्या तीन पोळ्यांवर ऊन आले होते. एका पोळ्याच्या पृष्ठभागावरून, पाण्यावरून वारा जावा तशी, एक काळी लाट सरसर खाली गेली. पुन्हा एक गेली. माश्या इशारा देत होत्या.

"मालक, ह्या वासानं खवळत्यात त्या. ज्यांच्या अंगावर अत्तर, गुलाबपाणी हाय त्यांनी बोळानं जावं. झाडाखाली येऊ नये."

"आन् पालखी?" माणिकराव दबक्या आवाजात म्हणाले. "गावातल्या सगळ्यांवर पाणी शिंपडलंय. पालखी काय उडत जाईल?"

पालखी जमिनीवर टेकवायची नसते आणि मागेही फिरवायची नसते. बन्सीधर यांनी जमावावर नजर फिरवली, मग मागे पाहिले. रेषेवर चंद्रभान आणि त्यांचे दोघे भाऊ उभे होते. त्यांना अत्तर लावण्याचा रिवाज नव्हता. गुलाबपाण्याच्या वेळी ते वेशीत नव्हते, आणि असते तरी त्यांच्यापर्यंत कोणी गुलाबदाणी नेली नसती.

"चौघं हावोत," बन्सीधर म्हणाले. "ते तिघं आन् मी."

जमावातून घोगरा आवाज आला, "डोकं फिरलं का याचं?" दुसरा म्हणाला, "आज खांदा देतील, उद्या देऊळ मागतील." शांत राहण्याचा नियम मोडत होता. पोळ्यांवरच्या लाटा आता थांबत नव्हत्या. माणिकरावांनी दांडी आवळून धरली. तीन पिढ्यांत त्यांच्या घराचा खांदा कोणी घेतला नव्हता.

तेवढ्यात एक माशी आली आणि त्यांच्या उजव्या कानामागे, फायाच्या जागेवर, बसली.

"हलू नका, मालक. मारू नका. एक मेली की सगळ्या येत्यात."

माणिकरावांच्या गालाची शीर उडू लागली. माशी कानाच्या पाळीवरून चालत पुढे आली, थांबली, पुन्हा मागे गेली. चारशे माणसे श्वास रोखून एका कानाकडे पाहत होती. अखेर ती उडाली.

"माणिक," धुरपताबाई पदराआडून म्हणाल्या, "मी तीन दिस उताणी पडले हुते. तुला हौस आसंल तर जा, मी भाकर घिऊन दवाखान्यात येते."

कोणीही हसले नाही. माणिकरावांनी खांदा तसूभर बाजूला केला. बन्सीधर शिरले. पण चंद्रभान जागेवरून हलले नाहीत.

"मालक, तोंडानं सांगा. उद्या कुणी म्हणंल, ह्यांनी हिसकून घेतली."

माणिकरावांनी दांडीवरची मूठ सैल केली.

"घे," माणिकराव म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "चंद्रभान, घे पालखी. मी सांगतो."

तिघा भावांनी हलग्या रेषेवर ठेवल्या. चौघांनी पालखी खांद्यावर घेतली. अनवाणी पावलांचा आवाजही आला नाही. वीस पावलांवर धाकट्या भावाच्या मनगटावर दोन माश्या बसलेल्या आम्हांला दिसल्या. त्याने मनगट हलवले नाही. तिसाव्या पावलावर पालखी नेमकी पोळ्यांखाली होती आणि वरून घोंगावणे ऐकू येत होते. चाळीस. पन्नास. पलीकडची रेषा ओलांडल्यावर बन्सीधर यांनी मान वर केली, आणि आम्ही बोळाकडे वळलो.

कोणालाही दंश झाला नाही.

दुपारी मंडपात पुन्हा सभा बसली. पालखी शुद्ध करून घ्यावी, असे दोघांचे म्हणणे पडले. तिसऱ्याने मुद्दा काढला, की मानकऱ्यांनी पालखी नेलीच नाही, सबब अट रद्द, पोळी जाळावीत. मी इतिवृत्त उघडून अट वाचून दाखवली. माणिकराव उठून उभे राहिले.

"शुद्ध करायची तर आधी मला करा, माझ्याच तोंडानं दिली मी," ते म्हणाले. "पोळ्यांला कुणी हात लावायचा न्हाई." आणि कोणाची वाट न पाहता निघून गेले. त्यानंतर वर्षभर ते बन्सीधर यांच्याशी बोलले नाहीत.

बन्सीधर सभेला आलेच नव्हते. मी त्यांच्या शेतावर गेलो. ते सूर्यफुलाच्या सरीत पाण्याची दारे धरत होते. फुलांवर माश्यांची ये-जा चालू होती. मी निर्णय शब्दशः सांगितला. त्यांनी खोऱ्याने एक दारे बंद केले, दुसरे फोडले.

"चंद्रभानला सांगितलं का, गुरुजी?"

"अजून नाही."

"मग हितं काय करायलाव? आधी तिकडं जा. आन् रस्त्यावरून हाळी देऊ नका. घरात जाऊन बसा, मग सांगा."

मी गेलो. चंद्रभान यांच्या घरातल्यांनी घोंगडी अंथरली. मी बसलो, आणि मग सांगितले.