सईच्या सुरीची खंडेनवमी

आमच्या घरात सुऱ्या कपाटात कुलपात असतात आणि दागिने बाहेर असतात.

चोराची भीती नाही. भीती माझी आहे.

सई माझी एकुलती एक मुलगी. तीन वर्षं शिकून ती शेफ झाली. "मुलगी काय करते?" असं भिवंडीत कुणी विचारलं, की मी "हॉटेल मॅनेजमेंट" म्हणायचो. त्यातलं 'हॉटेल' हळू आणि 'मॅनेजमेंट' जोरात! (दामल्यांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. लोकांना वाढायला आमची हरकत नाही, पण रांधून घालायचं म्हणजे...!)

वर्षभर पैसे साठवून सईनं एक सुरी घेतली. किंमत ऐकून आमची सौ. म्हणाली, "अगं, एवढ्यात मिक्सर आला असता, आणि वर डोसा तवा!"

"आई, मी हातानं काम करणार आहे," सई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि बाबा, ही कार्बन स्टीलची आहे. वापरली की लगेच पुसायची. ओली राहिली की गंजते. लक्षात राहील ना?"

चौतीस वर्षं ऑफिसात सर्क्युलरं वाचताना मी जशी मान डोलवायचो, तशीच डोलवली.

पुढे ठाण्याच्या एका मोठ्या हॉटेलातून तिला बोलावणं आलं. दसऱ्याला दुपारी तीन वाजता ट्रायल, स्वतःची सुरी घेऊन यायचं. आता आमचा करार सांगतो. ही नोकरी मिळाली तर मी आयुष्यात पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही मिळाली, तर सईनं आमचे शेजारी पाटीलभाऊ यांच्या कशेळीच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायचं. ती जागा मीच शब्द टाकून अडवून ठेवली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या नारपोलीत यंत्रमागसुद्धा धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालून बसतात. घरोघरी ज्याची जी हत्यारं, ती देवापुढे. मी दरवर्षी स्टेपलर आणि पंचिंग मशीन मांडायचो. पण त्या वर्षी मी निवृत्त झालो होतो. रिकामा पाट बघवेना. सई मैत्रिणीच्या साखरपुड्याला कल्याणला मुक्कामी गेली होती. (साखरपुड्याला सुरी कोण नेतं?) आणि खरं सांगू? मला पोरीची दयाही आली होती. उद्या तिची परीक्षा, तिच्या हत्याराला देवाचा हात लागू दे, असं मनापासून वाटलं.

मग काय! सुरीला आधी पाण्यानं स्नान. मग पंचामृताचं. मग पुन्हा पाण्याचं. ओलं हळदकुंकू, ओल्या झेंडूचा हार, आणि पात्यावर अर्धं कापलेलं लिंबू.

सौ. म्हणाली, "अहो, पुसली का?"

"देवाचं पुसायचं नसतं!" मी ठणकावलं.

दसऱ्याला सकाळी अकरा वाजता सई आली. हार उचलला. खाली एक पिवळीधमक वस्तू होती, तिच्यावर तांबडे डाग, आणि मध्यभागी लिंबाचा काळा गोल ठसा.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत?"

तिनं थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. "अगं, देवाशपथ नाही गं!" मी ओरडलो. गोदामातली जागा मीच अडवलेली, सुरी मीच गंजवलेली. कुठल्याही कोर्टात मला शिक्षा झाली असती.

माझा आवाज ऐकून पाटीलभाऊ आले. "काय सायेब, सुरीच हाय ना, मानूस तं न्हाय गेला! आमी कोयता कसा चकाचक करतो ते बघा." असं म्हणून त्यांनी पॉलिश पेपर आणला. सई अंघोळीला गेली होती. तेवढ्यात आम्ही दोघांनी मिळून सुरी घासली. हळद गेली. डाग गेले. लखलखीत!

"बगा! नवीन झाली का न्हाय?" पाटीलभाऊ म्हणाले.

मी खात्रीसाठी टोमॅटोवर चालवली. टोमॅटो कापला गेला नाही. तो बसला. पाटावर बसावं तसा पसरून बसला. आम्ही गंजाबरोबर धारही घासून टाकली होती!

सई बाहेर आली, टोमॅटोकडे बघितलं आणि खुर्चीत बसली. "भाऊ, गोदाम सोमवारी किती वाजता उघडतं?"

"नवाला," पाटीलभाऊ म्हणाले आणि चपला घालून सटकले.

ते 'नवाला' मला ऐकवेना. मी सुरी टॉवेलात गुंडाळली, सईला स्कूटरवर बसवलं आणि निजामपुऱ्यात खाटकांच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्या रहीमचाचांच्या दुकानासमोर उभा राहिलो. (तीन पिढ्यांत कांद्याशिवाय काही न कापलेले दामले!)

"चाचा, चाकावर धरा आणि पटकन द्या," मी म्हणालो.

चाचांनी चष्मा लावला, सुरी बोटावर तोलली. "ये चाक पे नहीं चढ़ेगी, साहब. जल जाएगी. पत्थर पे बनेगी. ये हाल किसने किया?"

सई माझ्याकडे बघायला लागली. मी रस्त्याकडे. शेवटी तिनंच पूजेची सगळी हकिगत सांगितली.

"और चलाता कौन है?"

"मी," सई म्हणाली.

चाचांनी तिचा हात मागून घेतला, पहिल्या बोटाच्या बुडाशी पडलेला घट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि मला म्हणाले, "कारीगर है आपकी बेटी."

एवढ्या वर्षांत तो घट्टा मी पाहिला नव्हता. लाज वाटली आणि छातीही फुगली, दोन्ही एकदम. चाचा दगडावर दीड तास सुरी फिरवत होते. मध्येच त्यांनी दगड सईकडे सरकवला, "बेटा, बाकी तू कर." उरलेली धार तिनं लावली. माझं हसू आवरेना.

कशेळीच्या ट्रॅफिकमधून स्कूटर कशी काढली ते विचारू नका. तीनला पाच कमी असताना पोचलो. पाच वाजता सई एका धिप्पाड शेफना घेऊनच बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच कळलं.

"धार कुणाची?" शेफनी मला विचारलं.

"अर्धी निजामपुऱ्याची, अर्धी हिची," मी म्हणालो. आणि राहवलं नाही. "पगार?"

सईनं माझ्या पायावर पाय दिला. शेफनी आकडा सांगितला. पाटीलभाऊंचं गोदाम त्याहून जास्त देत होतं. सईला ते आधीपासून ठाऊक होतं. मी करार पाळला, तोंड मिटलं.

आता दर पंधरा दिवसांनी त्या हॉटेलच्या सुऱ्या एप्रनमध्ये गुंडाळून माझ्याकडे येतात आणि मी त्या चाचांकडे पोचवतो. बसल्या बसल्या शिकावं म्हणून मी चाचांना गळ घातली. सहा महिने झाले, त्यांनी मला अजून सुरीला हात लावू दिलेला नाही. माजी हेडक्लार्कचं काम एकच, धार लावायच्या आधी दगड पाण्यात भिजत घालणं. परवा तेही विसरलो. चाचांनी कोरडा दगड बाजूला ठेवला आणि हात जोडले, "साहब, आप पूजा ही किया करो."