सहा मुठींचा हात

ऋतुजा सोमवारपासून शाळेत जाणार नव्हती. रविवारी सकाळी भाजी निवडता निवडता तिनं आईला, देवकीला, तसं सांगून टाकलं. सहावीतली पोर. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायचा, तर ही वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून दोन पंचमांश लिहायची. तीनदा चुकलं, वर्ग हसला, झालं.

तिच्या बापानं, रामाजीनं, ते ऐकलं. त्याची स्वतःची शाळा सुटली ती सहावीतच, याच अपूर्णांकांपाशी. पुढे उमरेडला माग, माग बंद पडल्यावर हिंगण्याचा कारखाना. गेल्या वर्षी तिथल्या मशीननं उजव्या हाताची करंगळी नेली. तेव्हापासून तो हात खिशात असे, आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

जेवणं झाल्यावर त्यानं लेकीला जवळ बसवलं. मागावर कापड हातानं मोजत, हे सांगितलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. चार बोटं आडवी धरली की एक मूठ. अशा सहा मुठींचा हात. "अर्धा अन् तिसरा हिस्सा असे नाही मिसळत," तो म्हणाला. "आधी दोन्हीच्या मुठी कर."

करून दाखवायला त्यानं उजवा हात खिशातून काढला, डाव्या कोपरापाशी आडवा ठेवला आणि जुन्या सवयीनं मोजत गेला. सहा मुठी झाल्या, तरी डाव्या हाताची बोटं मोजायची उरली. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"बाबा," ऋतुजा हळूच म्हणाली, "तुमची मूठ आता तीनच बोटांची हाय."

भांडी घासणारे देवकीचे हात थांबले. रामाजीनं तो हात पुन्हा खिशात घातला नाही.

"हो वं," तो म्हणाला. "माप बदललं. हात तेवढाच हाय. तू मोज."

तिनं आपल्याच हातावर आपल्याच मुठीनं मोजलं. पुरा हात सहा. अर्ध्याच्या तीन, तिसऱ्या हिश्शाच्या दोन. सहातल्या पाच. वहीत पाच षष्ठांश लिहून ती थबकली आणि तिनं वरच्या खोडलेल्या उत्तरावर बोट ठेवलं.

"दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. मिळवल्यावर कमी कसं होईन?"

हा प्रश्न रामाजीला त्याच्या सहावीत सुचलाच नव्हता. "हे वर्गात सांगजो," तो म्हणाला.

तिनं वही दप्तरात घातली. "माय, उद्या डबा लागन मले."