सावलीत वाळलेला पापुद्रा

सत्तरच्या दशकात सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्रात संशोधन करत होतो. मैत्रीण साताऱ्याकडची, घरची ऊसशेती. गुऱ्हाळावर उकळता रस तिच्या धाकट्या भावाच्या हातावर उडाला होता. जखमेवरची जाळीची पट्टी चिकटून बसायची आणि सोडवताना नवी कातडी घेऊनच निघायची. ते तिनं डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून जखमेला न चिकटणारा जिलेटिनचा पापुद्रा करायचाच, असा हट्ट तिनं धरला आणि मीही त्यात पडले.

सर म्हणाले, डोकं फिरलंय का तुमचं? दिवाळीपर्यंत डॉक्टरांना दाखवण्याजोगं काही झालं नाही तर मुकाट्यानं रंगांचा विषय घ्या, पदवी तरी पदरात पडेल. माझं पित्तच खवळलं. रंग घेऊन काय करू, भिंती रंगवू?

प्रयोगशाळेतली वाळवणाची भट्टी कायम दुसऱ्यांच्या ताब्यात. मग काय, जिलेटिनचं पाणी ओतलेल्या थाळ्या गच्चीवर उन्हात, वर आईचं जुनं पातळ; घरी पापड घालतो तश्शाच. दुपारी बघावं तर खरोखरच पापड झालेला! बोट लावलं की कडकन मोडायचा. मऊपणासाठी घातलेलं ग्लिसरीन वाढवलं, कमी केलं, दोष रसायनांनाच देत राहिलो. वाळवण म्हणजे ऊन, हे दोघींच्या इतकं अंगवळणी पडलेलं की उन्हाचा संशयच आला नाही.

एका शनिवारी आम्ही कडाकडा भांडलो. मी रागानं ओली थाळी कपाटात ढकलली, दार आपटलं आणि घरी गेले. सोमवारी कपाट उघडलं तर पापुद्रा अलगद सुटून आला, केळीच्या कोवळ्या पानासारखा मऊ.

"उन्हानंच घात केला की गं," ती म्हणाली. आम्ही वेड्यासारख्या हसत सुटलो.

मी स्वतःचा हात खरचटवून घेतला, वर पापुद्रा लावला. दुसऱ्या दिवशी तिनं तो काढला. जरासुद्धा दुखलं नाही. दिवाळीआधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका पोळलेल्या बाईच्या दंडावर तो वापरला आणि आणखी आणा म्हणाले. सरांनी रंगांचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्याच सुमारास तिचा भाऊ भेटायला आला. जखम कधीच भरली होती, पण कातडी आखडून बोटं वाकडी राहिलेली, मूठ वळत नव्हती. चांगल्या हातानं त्यानं पापुद्रा चाचपला. लय मऊ हाय, म्हणाला. मग बहिणीला विचारलं,

"माझ्या येळंला कुठं हुतं गं हे, आक्का?"

मला रडू आवरेना. तिनं थाळी पुसली आणि पुढचा पापुद्रा ओतायला घेतला.