सिद्धगडच्या पायथ्याला, दोन सेकंदांसाठी

सिद्धगडला लोक किल्ल्यासाठी जातात. मी भातगिरणीसाठी गेले. ऑफिसात आणखी दोन नावं होती. दोघांच्याही घरी त्याच आठवड्यात लग्न निघालं.

कल्याणहून मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप, माणशी चाळीस रुपये. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली की नाही हे चालक ठरवतो. माझ्या मांडीवर सुपरकपॅसिटरचा डबा, त्यावर कुणाची तरी मेथी. परतीची शेवटची जीप चार वाजता. ट्रेकवाल्यांनी नोंद घ्यावी.

वाडीतली गिरणी बायकांचा गट चालवतो, सौर बॅटरीवर. मोटर सुरू होताना दोन सेकंद भरमसाट करंट ओढते, त्यात बॅटरी खलास होते. बॅटरीचे दोन संच असेच गेले होते. तिसरा चालेल असं माझ्या अहवालात नसेल, तर गिरणी दुसऱ्या गावाला जाणार होती आणि भात भरडायला डोक्यावरून थेट खालच्या गावात. सुपरकपॅसिटर नेमका त्या दोन सेकंदांसाठी असतो: साठवतो थोडं, देतो एका दमात.

गटाच्या प्रमुख हिरामावशी आधी गिरणीचं मोठं चाक हाताने फिरवायच्या, मग बटण दाबायच्या. आता त्याची गरज नाही, असं मी समजावलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं. मुक्काम त्यांच्याकडेच, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. पैशांचं विचारलं तर त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

संध्याकाळी काम संपवताना सुरक्षेच्या नियमाप्रमाणे मी डब्यातली साठलेली वीज पूर्ण रिकामी केली. सकाळी सगळ्या बायका जमल्या. मी बटण दाबलं. मोटर घुमली आणि बंद पडली. डबा भरायला दहा मिनिटं लागतात, हे माहितीपत्रकात आहे. माहितीपत्रक मीच लिहिलंय.

“डब्याची न्याहारी झाली नाय वाटतं,” मावशी म्हणाल्या. त्यांनी चाक फिरवलं, बटण दाबलं, गिरणी सुरू.

दहा मिनिटांनी माझा डबाही चालला. दिवसभरात एकदाही अडला नाही. पण तोवर कुणी बघत नव्हतं.

अहवालात मी दोन्ही नोंदवलं, सकाळचं बंद पडणं आणि नंतरचं दिवसभर चालणं. गिरणी राहिली. दोन महिन्यांनी फोन केला, बॅटऱ्या ठणठणीत. चाक अजून फिरवता का, विचारलं.

“फिरवतो ना, बाय. तुमच्या डब्याला तेवढाच आराम.”

घरी बसून गिरणीवर घेतलेली मोजमापं तपासली. चाक फिरवून सुरू केलं की करंट खरंच कमी लागतो. माहितीपत्रकाच्या नव्या आवृत्तीत पहिली पायरी तीच आहे. संदर्भाच्या रकान्यात काय लिहायचं, एवढं ठरायचंय.