आभाराचं पथ्य

"खाली बसा! ओल्ड मॅन, खाली बसा! आणि तोंड मिटा!"

आवाज खालच्या मजल्यावरून आला. लखनौतल्या तेलीबागच्या बाजारात भाजी निवडणाऱ्या बाया तो ऐकून उठून उभ्या राहिल्या, अशी माझी पक्की माहिती आहे. छावणीत एखादा जवान सावधानमध्येही गेला असेल. ओरडणारी बाई घानाची होती, पिढीजात जडीबुटीवाली. ज्यांच्यावर ओरडली ते आमचे घरमालक, लखनौचे चचा. तिनं गुडघ्याला लेप लावला आणि चचा अर्धवट उठून, हात कपाळाशी नेऊन 'शुक्रिया' म्हणाले, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी खाली पोचलो तेव्हा ती लेप पुसून काढत होती.

"फिर बिगड़ गया ना, डॉक्टर साहब?" चचांनी बारीक आवाजात विचारलं.

"हाँ चचा. पुन्हा पहिल्यापासून."

मी डॉक्टर आहे तो वनस्पतींचा. पण गल्लीला हे पटवण्याचा नाद मी केव्हाच सोडला. ही बाई आमच्या संस्थेत प्रशिक्षणाला आली होती. तिकडे तिच्यासारख्या वैद्यांना सरकारी दाखला असतो आणि औषधं नीट वाळवायची, साठवायची कशी हे शिकायला त्यातले काही इकडे येतात. शिकण्यात ती वाघीण होती, पण गेस्ट हाऊसच्या लौकीनं, म्हणजे आपल्या दुधीनं, तिला लोळवलं. इतकी फिकी सब्जी तिनं आजाऱ्यालाही कधी दिली नव्हती म्हणे. एका संध्याकाळी मी तिला घरी आणलं. बायकोनं पानात मिरचीचा ठेचा वाढला. तो खाऊन तिनं डोळे मिटले, गालांवरून पाणी ओघळलं आणि तिनं आणखी मागितला. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी हजर. तिच्याकडेही मोठ्या बाईला आन्टीच म्हणतात, तेव्हा बायकोनं लगेच तिची मावशी करून टाकली.

चचांचा गुडघा तिनं असा येता-जाता पाहिला.

त्या गुडघ्यावर त्या वेळी चचांची कबुतरं टांगलेली होती. कबुतरं गच्चीवर, चचा तळमजल्यावर आणि मधला जिना चढणं बंद झालेलं. दाणे टाकायला मी जात असे. कबुतरं माझ्याकडे ज्या नजरेनं बघत, तशी नजर मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेनंतर पाहिली नव्हती. नोएडाच्या मुलानं फोनवर निर्णय सांगून टाकला होता. "अब्बा, आप चढ़ नहीं सकते. इतवार को ख़रीदार ला रहा हूँ."  तेव्हापासून संध्याकाळी चचा अंगणात खुर्ची टाकून मान वर करून बसत.

"रविवारपर्यंत मी याला वर चढवते," मावशी म्हणाली.

शहराबाहेर बख्शी का तालाबकडे आम्ही फील्डवर गेलो होतो, तिथे बांधावरचा एरंड पाहून मावशीनं चालत्या जीपमधून उडी मारली. म्हणजे जीप थांबली होती, पण जेमतेम. पोतंभर पानं आली. तव्यावर गरम केलेलं पान, वाटलेलं आलं, आणि तिनं गावाहून आणलेलं शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी. हे सगळं गुडघ्यावर बसवायचं आणि संध्याकाळभर ठेवायचं. पथ्य एकच. आभार मानायचे नाहीत.

"औषधाला थँक्यू म्हटलं की त्याला वाटतं काम संपलं," ती म्हणाली. "मग ते उठतं आणि आपल्या घरी जातं."

हे कुणाला सांगायचं, तर लखनौच्या माणसाला! चचा पंख्याचेही आभार मानतात. वीज गेली तर 'इतनी देर रही, मेहरबानी' म्हणतात. एकदा त्यांच्या पायावर कुणाची तरी स्कूटर चढली तेव्हा, उतरवून घेतल्याबद्दल त्यांनी त्या माणसाला चहा पाजला. असा माणूस गप्प कसा बसणार? लेप लागला की अर्धवट उठून 'शुक्रिया'. 'शुक्रिया' आवरलं तर 'नवाज़िश' निसटे. एकदा तोंड घट्ट मिटून उठले आणि नुसता हात कपाळाशी नेला. "हातानं म्हटलं तरी तेच!" मावशी गरजली. लेप वाया. आणि रविवार जवळ येत होता.

शेवटी बायकोनं पदर खोचला. "चचा, आमच्याकडून शिका. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्यात आभार मानायची पद्धतच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं एकदा चहा चांगला झाला म्हटलेलं नाही."

"वाईट झाला तर सांगतो की," मी म्हणालो.

"बघा!" बायको म्हणाली. "असं."

मग शिकवणी सुरू झाली. बायको चहा पुढे करी. चचांनी न हलता, तिच्याकडे न बघता 'हं' म्हणायचं. पहिल्या 'हं'ला त्यांना घाम फुटला. "इतना रूखा! अल्लाह माफ़ करे." पण माणूस हुशार. दुसऱ्या संध्याकाळी ते लाकडी तख्तावर पाय पसरून असे बसले, की एखादा सरकारी इंजिनिअर रिटायर होऊन घरी बसलाय असं वाटावं. मावशीनं पान बांधलं. "हं." बायकोनं पाणी दिलं. "हं." मावशीच्या डोळ्यांत मला कौतुक दिसलं.

शनिवारी चचा फाटकापर्यंत जाऊन आले.

रविवारी मुलगा आला, सोबत दोन टोपल्या घेऊन ख़रीदार. चचांनी दोघांना अंगणात बसवलं आणि स्वतः जिन्याकडे गेले. भिंतीला हात लावून, वळणावर थांबत, मध्येच कण्हत चढले. आम्ही खालून कान लावून होतो. बऱ्याच वेळानं वरून शिट्टी आली आणि सगळा थवा गल्लीवर उठला. ख़रीदार मान वर करून बघत राहिला. मग तो मुलाला म्हणाला, "भैया, ये नहीं बेचेंगे," आणि चहा पिऊन रिकाम्या टोपल्या घेऊन गेला.

मुलगा माझ्याकडे वळला. "डॉक्टर साहब, आपने कमाल कर दिया."

मी नाही म्हणायला जरा वेळ घेतला.

मावशी निघाली तेव्हा चचा गाडीपर्यंत आले. हात पाठीमागे घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले, चेहरा लाल. त्यांनी फक्त गाडीचं दार उघडून धरलं आणि ती बसल्यावर हलकेच लावलं.

विमानतळाच्या रस्त्यावर मी विषय काढला. खरं सांगायचं तर आभार न मानण्याच्या त्या पथ्यावर एक शोधनिबंध माझ्या डोक्यात तयार होता, शीर्षकासकट.

"तुमच्याकडे सगळेच वैद्य हे पथ्य पाळायला लावतात?"

"कुठलं? थँक्यूचं?" ती खिडकीबाहेर बघत होती. "आमच्याकडे असलं काही नाही. तो दर वेळी थँक्यू म्हणायला उठायचा आणि पान सरकायचं. हलू नको म्हणून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं?"

माझा शोधनिबंध तिथेच, रस्त्याच्या कडेला उतरला.

"असो," मी म्हणालो. "गुडघा तर बरा झाला."

"नाही," मावशी म्हणाली. "थंडीत दुखेल."