कोटावरचं घड्याळ

आमच्या खानदानात पहिला बी.एस्सी. झालो तो मी, आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आलेल्या नवरदेवाला भर मे महिन्यात कोटात कोंडणारा पहिला माणूसही मीच. पहिली गोष्ट मी गावभर सांगितली. दुसरी सांगायची गरजच पडली नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरजवळ. बाबांची पिठाची गिरणी. माझ्या आधी घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे अमरावतीहून पदवी घेऊन आल्यापासून मोबाइल, गॅसची नळी, आईचे गुडघे, सगळ्या विषयांत माझं मत घेतलं जायचं. (घेतलं नाही तर मी देत असे.)

ताईचं अकोल्याच्या नितीनरावांशी जमलं. त्यांचं तिथे कृषी केंद्र, स्वभावानं गरीब, अंगानं काडी. ताई रोज गिरणीमागे उभी राहून त्यांच्याशी फोनवर बोलायची आणि आत येताना गालावर पीठ घेऊन यायची. म्हणजे सगळं छानच चाललं होतं. राहिलं होतं फक्त साक्षगंधात जवायाला द्यायचं घड्याळ.

बाबा म्हणाले, "सोनेरी साखळीचं घेऊन टाकू. दुरून चमकलं पायजे."

"बाबा, ते आता कोणी घालत नाही," मी म्हणालो. "मी पाहून ठेवलंय. पायलटचं घड्याळ. जुन्या काळी लढाऊ विमानं चालवणारे जसा पट्टा बांधायचे, अगदी तसाच चामड्याचा पट्टा आहे. रुंद. दोन्ही बाजूंनी पितळी रिव्हेट."

"जवाई त बियाणं इकते. त्याले इमानाचं कायले पायजे?"

"त्याला दर्जा म्हणतात, बाबा."

दर्जा हा शब्द ऐकला की बाबा गप्प बसतात. ताई मात्र बसली नाही. "तुले जे आणाचं ते आण," ती म्हणाली. "फक्त माह्यं साक्षगंध बिघडवू नको. एवढंच मागून राहिली तुले."

"ताई, मी शिकलेला माणूस आहे."

"म्हूनच सांगून राहिली."

घड्याळ आलं. आईनं डबा उघडला आणि तिचा चेहरा पडला. "अवं माय, हे त वापरलेलं पाठोलं त्याईनं. पट्टा पाह्य कसा घासलेला हाये."

"आई, तो मुद्दाम तसा केलेला असतो. त्याला जुना लूक म्हणतात."

"नव्याचे पैशे घेऊन जुनं देते, अन् तू त्याले लूक म्हणतं?"

मी अर्धा तास समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि साक्षगंधाच्या दिवशी सकाळी माझी आंघोळ चालू असताना बाबांच्या बुटाचं पॉलिश त्या पट्ट्यावर बोटभर जाड चोपडलं. मी बाहेर येईपर्यंत विमानदलाचा पट्टा शाळेच्या बुटासारखा चमकत होता.

"आता वाटते नवं," आई म्हणाली. बाबा म्हणाले, "आता दुरून चमकते." आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं, म्हणून मी ते मोडलं नाही.

दुपारी पाहुणे आले. नितीनराव क्रीम रंगाच्या कोटात होते. मांडवात कूलर लावले होते, पण ते गरम हवा इकडची तिकडे नेण्यापलीकडे काही करत नव्हते. नितीनरावांबरोबर त्यांचे मोठे काका. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, असं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. पहिला आणि मधलाही त्यांचाच होता, हे आल्यावर कळलं.

टिळा झाला, टोपी झाली, आणि बाबांनी घड्याळ माझ्या हाती दिलं. "तूच बांध. तुले समजते त्यातलं."

मी बांधलं. पट्टा फिरून मनगटाखाली लोंबला. शेवटच्या भोकातही तो इतका ढिला की नितीनरावांनी हात वर केला असता तर घड्याळ काखेत गेलं असतं. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात मला आठवलं की हे पट्टे लांब का असतात. वर गारठा असतो, म्हणून पायलट जाड जाकिटाच्या बाहीवरून घड्याळ बांधतात! मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि कोटाच्या बाहीवरून पट्टा आवळला. बसला की हो. फक्त नेमकं भोक अर्ध्या बोटानं पुढे हवं होतं. मी घरात जाऊन कंपास आणला, टोकानं नवं भोक पाडलं आणि बक्कलाची तार त्यात जोर लावून घुसवली. भोक जरा लहान झालं होतं, पण माझा जोर मोठा होता.

"टाइट झालं काय?" नितीनरावांनी हळूच विचारलं.

"विमान उलटं झालं तरी पडणार नाही, भाऊजी."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "जवायाले बीपी हाये काय? पट्टी बांधून ठेवली." ते वाक्य मांडवातून बायकांत गेलं, बायकांतून स्वयंपाकाकडे गेलं, आणि पाच मिनिटांत शेजारच्या शांताकाकू पदर सावरत आईकडे आल्या. "सांगितलं नाई तुमी आमाले. एवढ्या कमी वयात ऑपरेशन झालं म्हंते पोराचं?"

आई मटकन खाली बसली.

इकडे नितीनरावांना घाम फुटला होता. घाम कोटात मुरला, कोटातून पट्ट्याला लागला, आणि पट्ट्यानं आईचं पॉलिश परत करायला सुरुवात केली. क्रीम रंगाच्या बाहीवर दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा उमटला. जसजसं पॉलिश उतरलं तसतसा खालचा घासलेला लूक वर आला. अंगठ्या हातात आल्या होत्या. काकांची नजर तिथेच गेली.

"थांबा," ते म्हणाले. "अंगठी मंग."

ताईनं उचललेला हात खाली घेतला.

"हे घड्याळ जुनं हाये," काका म्हणाले. "अन् जुन्याले पॉलिश मारून आमाले देऊन राहिले?"

"काका, तसं नाही," मी पुढे झालो. "ते जुनं दिसतं, पण नवं आहे."

"अन् पॉलिश?"

"पॉलिश नवं होतं म्हणून... म्हणजे जुनं दिसू नये म्हणून..." मी मोबाइल काढला. बोलण्यापेक्षा पुरावा बरा. ज्या पानावरून घड्याळ मागवलं होतं ते उघडून मी मोठ्यानं वाचून दाखवलं, "वर्षानुवर्षं वापरून झिजल्यासारखा अस्सल देखावा."

काका खुर्चीतून पुढे झुकले.

"म्हंजे तुले माईत होतं," काका म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले. ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला त्या नजरेपेक्षा तिनं चप्पल मारली असती तर बरं वाटलं असतं.

"आमचं पोरगं काही रस्त्यावर पडलं नाई. हे घड्याळ वापस घ्या. पुढचं मंग पाहू."

नितीनराव पहिल्यांदा बोलले. "काका, राहू द्या नं. मले आवडलं."

"तू चूप. काढ ते."

नितीनरावांनी बक्कल ओढलं. निघेना. मी ओढलं. निघेना. तार त्या भोकात अशी रुतली होती की काय विचारता! दोन पाहुण्यांनी आळीपाळीनं जोर लावला, त्यात नितीनरावच खुर्चीसकट पुढे सरकले. मग कोणीतरी सुचवलं की आधी कोट काढा. आता घड्याळ कोटावरून बांधलेलं, त्यामुळे कोट निघाल्याशिवाय बाही मोकळी होईना आणि घड्याळ निघाल्याशिवाय कोट निघेना. (मी भौतिकशास्त्रात पास झालो होतो. काठावर.) तरीही सगळ्यांनी मिळून दुसरी बाही सोलून काढली. कोट उलटा होऊन एका हाताला लोंबायला लागला आणि त्याच्या आतल्या खिशातून एक पांढरी गोळी टप्पकन खाली पडली. ती सतरंजीवरून घरंगळत गेली आणि काकांच्या पायापाशी थांबली.

डांबरगोळी. मागोमाग वास आला. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेली लोखंडी पेटी उघडली की येतो तसा.

ताई उठली. गोळी दोन बोटांत उचलली आणि काकांसमोर धरली.

"काका, हे कोणत्या इमानातलं हाये?"

आई पुटपुटली, "अवं, चूप बस." पण बायकांतून नितीनरावांच्या काकूंचा आवाज आला. "मी त म्हटलंच होतं, पेटीतून काढला त खिसे पाहून घ्या म्हून. ऐकते कोण? यायच्या सोताच्या लग्नातला हाये तो कोट."

काकांचा चेहरा लाल झाला. मग गाल हलले. मग पोट हलायला लागलं, आणि ते खुर्चीचा हात धरून असे हसले की टोपी निसटून मांडीवर आली. नितीनराव अर्धे कोटात, अर्धे बाहेर, तसेच हसत होते.

"चला," काका डोळे पुसत म्हणाले, "आमचाई माल जुनाच निघाला. फिटंफाट. आणा अंगठी. पोरगी हुशार हाये, पोट्टा... ते जाऊ द्या."

ताईनं अंगठी घातली. नितीनराव कोट परत चढवून, जेवून, तसेच घड्याळबंद गाडीत बसले आणि त्या उन्हात अकोल्याला गेले. निघताना ताईनं साडीची एक पिन काढून त्यांच्या हातात दिली. "घरी गेल्यावर हळूच टोचून काढजा. ओढू नका." दिवेलागणीला फोन आला. ताई गिरणीमागे गेली आणि गालावर पीठ घेऊन परत आली. "निघालं," एवढंच म्हणाली. माझ्याशी मात्र ती लग्न लागेपर्यंत बोलली नाही.

यंदा माझं साक्षगंध झालं. अचलपूरची मुलगी, तीही पदवीधर. तिच्या घरच्यांनी घड्याळ कसं हवं विचारलं तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "सोनेरी साखळीचं." साक्षगंधाच्या दिवशी सकाळी भाऊजी आले आणि त्यांनी एक पिशवी पुढे केली. आत तोच क्रीम रंगाचा कोट, धुऊन इस्त्री केलेला. "काकानं आठवणीनं पाठोला, साळेसाहेब. म्हणाले, मान त्याचाच हाये." नाही म्हणायची सोय नव्हती, काका स्वतः मागे उभे होते.

कोट मला छान बसला. फक्त डाव्या बाहीवरचा तो तपकिरी पट्टा काही गेला नव्हता, आणि मांडवात मिळणारी सोनेरी साखळी काही तो झाकणार नव्हती. भाऊजींनी शांतपणे आपल्या खिशातून पायलटचं घड्याळ काढलं आणि माझ्या बाहीवरून, बरोबर डागावर, त्याच कंपासनं पाडलेल्या भोकात आवळलं.

"काही नाई होत," ते म्हणाले. "वर गारठा असते."

मी मांडवात जाऊन बसलो. माझ्या होणाऱ्या मावससासूबाईंनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं, मग जवळ सरकून मायेनं विचारलं, "जवाईबापू, कितीवर राह्यते तुमचं बीपी?"

पायलट, जाकीट, गारठा, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ताई पुढेच बसली होती, हातात चप्पल घेऊन नाही, तरी नजर तीच. मी, बी.एस्सी., मान खाली घालून म्हणालो, "आता नॉर्मल आहे, मावशी."